वसई

वसई : पालघर जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण व जुने दुर्गनगर. मुंबईच्या उत्तरेस, वसईच्या खाडीच्या मुखाशी. किल्ल्याला तीन बाजूंनी पाणी. मुख्य दरवाजे दोन, एक जमिनीकडे व दुसरा बंदराकडे.

नाव : व्युत्पत्ती सामान्यतः संस्कृत ‘वसति’ (वस्ती) या शब्दापासून लावली जाते. पोर्तुगीज कागदपत्रांत ‘बसाईं’, इंग्रजी कागदपत्रांत ‘बॅसीन’. ब्रह्मदेशातील पथेइनलाही इंग्रज बॅसीनच म्हणत, त्यामुळे जुनी दप्तरे चाळताना घोटाळा होतो. मराठी अंमलात ‘बाजीपूर’ हे नाव देण्यात आले. ते रूढ झाले नाही.

इतिहास : प्राचीन काळी या भागातील मोठे बंदर शेजारचे सोपारे. वसईला महत्त्व आले ते गुजरातच्या सुलतानांच्या काळात. हुमायूनच्या स्वारीचे सावट असताना बहादूरशहाने डिसेंबर १५३४ च्या तहान्वये वसई व भोवतालचा मुलूख पोर्तुगीजांना दिला. १५३६ मध्ये पोर्तुगीज गव्हर्नर नुनु द कुन्या याने दगडी किल्ल्याचे काम सुरू केले. पुढे दोन शतके वसई पोर्तुगीजांच्या उत्तर प्रांताची राजधानी होती. तटाच्या आत फ्रान्सिस्कन, जेझुइट व डॉमिनिकन संघांची चर्चे व मठ होते. त्यांचे अवशेष उभे आहेत.

मराठ्यांनी १७३७ मध्ये ठाणे घेतले. वसईचा निर्णायक वेढा चिमाजी अप्पांनी १७३९ च्या फेब्रुवारीत घातला. पाण्याच्या बाजूने सुलतानढवा शक्य नसल्याने सारा भर जमिनीकडच्या तटावर आला. तिथे बुरुजांखाली सुरुंग खणले गेले. काही उडाले, काही फसले, काहींनी खणणाऱ्यांचाच बळी घेतला. मराठ्यांकडील मनुष्यहानी फार मोठी होती. अखेर मे महिन्यात सेबास्तियाँव बुरुजाला खिंडार पडले व १६ मे रोजी तहाची कलमे ठरली. शिबंदीला शस्त्रे, नगारे व निशाणांसह बाहेर पडण्याची मुभा मिळाली. रहिवाशांना चीजवस्तू नेता आली. मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेच्या धर्माचरणालाही अभय मिळाले. इतक्या रक्तपातानंतर विजेत्याने दिलेली ही कलमे या मोहिमेच्या अभ्यासात विजयाइतकीच मोलाची आहेत.

घंटा : विजयानंतर चर्चांमधील घंटा महाराष्ट्रभरच्या देवस्थानांत पोहोचल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिराच्या दर्शनी भागात टांगलेल्या घंटेवर १७२१ हे साल आहे. मेणवलीची घंटा कृष्णेच्या घाटावर, नाना फडणविसांच्या वाड्यामागे आहे, भीमाशंकरची मंदिरासमोर. यांपैकी प्रत्येक घंटा वसईचीच असे मात्र निश्चित म्हणता येत नाही. साल व चिन्हे उठावात ओतलेल्या या घंटा म्हणजे उघड्यावरची दप्तरेच आहेत. त्यांवरील रंग व शेंदराचे थर काढून अक्षरांचे ठसे घेतले जायला हवेत.

उत्तरकाळ : १७८० मध्ये इंग्रज सेनापती गॉडर्डने किल्ला घेतला, सालबाईच्या तहाने तो मराठ्यांकडे परतला. होळकरांकडून पराभव झाल्यावर दुसऱ्या बाजीरावाने ३१ डिसेंबर १८०२ रोजी येथेच इंग्रजांची तैनाती फौज स्वीकारली. दुसऱ्या इंग्रज–मराठा युद्धाचे हे एक प्रमुख कारण.

व्यक्ती : संत गोन्सालो गार्सिया (नागासाकी येथे हुतात्मा, १५९७) यांचे जन्मस्थान.

उत्पादने : केळी, सुकेळी, विड्याची पाने, मासळी.