कोंबडीला पावडर लावली, पण खुराड्याचं काय? उवा, लाल माइट आणि गोचिडीचा बंदोबस्त असा करा

अंड्यांवर बसवलेली खुडूक कोंबडी पंधराव्या-सोळाव्या दिवशी अचानक उठते आणि पुन्हा बसायला तयार होत नाही. एकवीस दिवसांपैकी पाचच दिवस राहिलेले असतात, पण सगळी अंडी वाया जातात. घरातले म्हणतात, ही कोंबडीच खोडीची आहे. तिला बाजार दाखवला जातो. पुढची कोंबडी त्याच टोपलीत, त्याच पेंढ्यावर बसवतात आणि तीही उठते. अशा वेळी दोष कोंबडीचा असेलच असं नाही. रात्री मोबाईलची बॅटरी लावून टोपलीचा तळ पाहावा. बांबूच्या फटीत बारीक लाल-काळे किडे वळवळताना दिसले, तर कोंबडी का उठली ते कळतं.

नंदुरबार जिल्ह्यात धडगाव, अक्कलकुव्याच्या पाड्यांपासून तळोदा, शहादा, नवापूरपर्यंत घरोघरी गावरान कोंबड्या आहेत. घरातल्या बाईच्या हातात मीठ-तेलाला, मुलांच्या वह्यांना किंवा दवाखान्याला जो रोख पैसा येतो, त्यात कोंबडी-अंड्यांचा वाटा असतो. उवा, माइट आणि गोचीड हा पैसा हळूहळू खातात. कोंबडी लगेच मरत नाही. आधी अंडी कमी होतात, तुरा फिका पडतो, वजन घटतं, पिल्लं रोडावतात. त्यामुळे दुखणं लवकर लक्षात येत नाही.

आधी ओळख: कोण कुठे राहतो?

औषध आणण्याआधी कीड ओळखावी लागते. काही किडी कोंबडीच्या अंगावर राहतात, काही खुराड्यात. सगळा उपचार यावर ठरतो.

उवा: पिवळसर, चपट्या, पिसं बाजूला केली की पटपट पळतात. गुदद्वाराभोवती, पंखाखाली आणि छातीवर जास्त असतात. पिसाच्या मुळाशी पांढरट लिखांचे गुच्छ चिकटलेले दिसतात. उवेचा सगळा जन्म कोंबडीच्या अंगावरच जातो. अंगावरून पडली की ती काही दिवसांतच मरते. कोंबडीच्या उवा माणसाच्या डोक्यात राहत नाहीत, त्यामुळे ती भीती नको.

लाल माइट: खसखशीच्या दाण्याएवढा किडा. दिवसा खुराड्याच्या फटीत, बसायच्या दांडीखाली, टोपलीच्या विणीत लपतो. रात्री कोंबडीवर चढतो, रक्त पितो आणि परत फटीत जातो. उपाशी असताना राखाडी, रक्त प्यायल्यावर लाल. दिवसा कोंबडी उचलून कितीही पाहिली तरी अंगावर काही सापडत नाही, इथंच बरेच जण फसतात. उन्हाळ्याच्या उबेत आठ-दहा दिवसांत नवी पिढी तयार होते. माणसालाही चावतो, खाज येते, पण माणसाच्या अंगावर मुक्काम करत नाही.

कोंबडीची गोचीड: गुरांच्या गोचिडीपेक्षा वेगळी. चपटी, तपकिरी, लांबून ढेकणासारखी वाटते. मोठी गोचीड कुडाच्या भिंतीत, लाकडाच्या सालीखाली, दगडांच्या सांध्यात लपते आणि रात्री येऊन रक्त पिऊन जाते. तिची पिल्लं मात्र काही दिवस कोंबडीच्या अंगाला चिकटून राहतात, पंखाखाली काळसर-लाल ठिपके दिसतात. ही गोचीड नुसतं रक्त पीत नाही. तिच्यामुळे कोंबड्यांना स्पायरोकीटोसिस नावाचा ताप येतो. त्यात कोंबडी सुस्त होते, हिरवी हगवण लागते, पाय लुळे पडतात आणि मरही होते.

पायाची खरूज: हा इतका बारीक माइट आहे की डोळ्याला दिसत नाही. पायाच्या खवल्यांखाली शिरतो. खवले वर उचलतात, पाय जाड, खडबडीत, चुना लावल्यासारखे दिसतात. म्हाताऱ्या कोंबड्यांत जास्त. दुर्लक्ष केलं तर कोंबडी लंगडते.

याशिवाय चिकट पिसवा असतात. त्या तुऱ्यावर, डोळ्यांभोवती काळ्या ठिपक्यांसारख्या झुंडीने चिकटतात. देवीच्या खपल्या समजून लोक त्यांच्याकडे दुर्लक्ष करतात.

तपासणी दोन वेळा: एकदा दिवसा, एकदा रात्री

दिवसा प्रत्येक कोंबडी हातात घेऊन गुदद्वाराभोवतीची, पंखाखालची आणि मानेची पिसं उलटी करून पाहावीत. पाय पाहावेत, तुरा पाहावा.

रात्री कोंबड्या बसल्यावर तास-दोन तासांनी बॅटरी घेऊन जावं. पांढरा कागद किंवा जुनं पांढरं फडकं दांडीच्या खालच्या बाजूने आणि फटींवरून घट्ट फिरवावं. त्यावर लाल डाग उमटले तर रक्त प्यायलेले माइट चिरडले आहेत असं समजावं. ही पाहणी महिन्यातून एकदा आणि कोंबडी अंड्यांवर बसवायच्या आधी हमखास करावी.

कोंबडीवर काय करायचं?

उवा असतील तर सगळ्या कोंबड्यांना एकाच दिवशी उपचार द्यावा. दोन कोंबड्या राहिल्या तर त्यांच्यावरून उवा पुन्हा पसरतात. पशुवैद्यकीय दवाखान्यातून किंवा जनावरांच्या औषधाच्या दुकानातून पक्ष्यांसाठी चालणारं परमेथ्रिनसारखं औषध डॉक्टरांना विचारून घ्यावं. किती पाण्यात किती औषध, हे लेबलवर लिहिलेलं असतं तेच खरं. शेजाऱ्याच्या अंदाजाने झाकण मोजू नये.

पावडर असेल तर एकाने कोंबडी धरायची, दुसऱ्याने पिसांच्या उलट दिशेने बोटांनी थेट कातडीपर्यंत चोळायची. वरवर भुरभुरलेली पावडर उवांपर्यंत पोहोचत नाही. डोळे, चोच, नाक सांभाळावं. स्वतःच्या हातात मोजे आणि तोंडाला रुमाल असावा. फवारणी करायची तर ऊन असलेल्या दिवशी सकाळी, म्हणजे कोंबडी संध्याकाळपर्यंत कोरडी होते. लहान पिल्लांना औषधाच्या पाण्यात बुडवू नये.

पहिल्या उपचाराने उवा मरतात, लिखा मरत नाहीत. चार ते सात दिवसांत त्या फुटतात आणि नव्या उवा तयार होतात. म्हणून दहा दिवसांनी दुसरा हात द्यावाच लागतो. "औषध लावलं पण गुण आला नाही," असं म्हणणाऱ्यांनी आधी दुसऱ्या वेळेला औषध लावलं होतं का, ते आठवून पाहावं.

पायाच्या खरजेला कोमट साबणाच्या पाण्यात पाय भिजवून जुन्या टूथब्रशने हलक्या हाताने घासावेत. खवले ओढून काढू नयेत, रक्त येतं. पाय कोरडे करून खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन जाडसर लावावं. त्याने माइटचा श्वास कोंडतो. आठवड्यातून एक-दोन वेळा असं महिनाभर करावं. रॉकेल, डिझेल किंवा गाडीचं जुनं ऑइल लावू नये, कातडी भाजते. चिकट पिसवांवरही व्हॅसलीन लावता येतं, फक्त डोळ्यात जाऊ देऊ नये.

खरा उपचार खुराड्यात

लाल माइट आणि मोठी गोचीड दिवसा कोंबडीवर नसतात. नुसत्या कोंबडीला पावडर लावली तर फटीतली फौज तशीच राहते. म्हणून ज्या दिवशी कोंबड्यांना औषध, त्याच दिवशी खुराड्याचीही साफसफाई करायची. क्रम असा ठेवावा:

१. जुना पेंढा, विष्ठा, पिसं खरवडून काढावीत आणि लांब नेऊन जाळावीत. उकिरड्यावर तशीच टाकू नयेत, कोंबड्या तिथंच उकरायला जातात.

२. बसायच्या दांड्या, टोपल्या, डालगी बाहेर काढून त्यांवर उकळतं पाणी ओतावं, मग दोन-तीन दिवस कडक उन्हात ठेवावं. विणीत माइट भरलेली जुनी टोपली जाळून नवी आणणं स्वस्त पडतं.

३. भिंतीच्या, कुडाच्या आणि लाकडाच्या फटींत डॉक्टरांनी सांगितलेलं औषध पंपाने फवारावं. कोंबड्या आत नसाव्यात. खुराडं पूर्ण वाळल्यावरच त्यांना आत सोडावं.

४. फटी माती-शेणाच्या गिलाव्याने बुजवाव्यात. दगड-विटांच्या भिंतीला चुना मारावा. लपायला जागा कमी झाली की अर्धं काम होतं.

५. पाच ते सात दिवसांनी फवारणी पुन्हा करावी. कागद फिरवून पाहावा. डाग दिसले तर तिसऱ्यांदा.

नवं खुराडं बांधताना साल काढलेली, गुळगुळीत दांडी वापरावी आणि ती काढता-घालता येईल अशी बसवावी. साल असलेल्या दांडीखाली माइटला आयतं घर मिळतं.

राखेची अंघोळ

कोंबडी धुळीत लोळते ती तिची अंघोळ आहे. बारीक कोरडी माती आणि चाळलेली, पूर्ण थंड झालेली चुलीची राख एका जुन्या घमेल्यात किंवा खोक्यात भरून छपराखाली ठेवावी. पावसाळ्यात बाहेर सगळीकडे चिखल असतो, लोळायला कोरडी जागा मिळत नाही आणि उवा वाढतात. म्हणून जून ते सप्टेंबर हे घमेलं रिकामं राहू देऊ नये. प्लास्टिक किंवा रबर जाळलेली राख घेऊ नये. ही सवय उवा आटोक्यात ठेवते, पण प्रादुर्भाव वाढल्यावर नुसत्या राखेवर भागत नाही.

कडुनिंबाचा किंवा निर्गुंडीचा पाला टोपलीत घालायची जुनी रीत आहे, ती चालू ठेवायला हरकत नाही. सीताफळाच्या बियांची पूड मात्र जपून. ती उवा मारते हे खरं, पण डोळ्यात गेली तर माणसाच्या आणि कोंबडीच्याही डोळ्याला इजा करते. तंबाखूचं पाणीही विषारी आहे, ते अंगावर लावू नये.

हे करू नका

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पिकावरचं कीटकनाशक कोंबडीवर मारणं. घरात कपाशीला किंवा भाताला आणलेली बाटली असते आणि हात तिकडेच जातो. ते औषध कातडीतून आत जातं, अंड्यात उतरतं आणि तीच अंडी घरातली मुलं खातात. २०१७ मध्ये नेदरलँड देशात कोंबड्यांच्या शेडमध्ये लाल माइट मारायला फिप्रोनिल वापरलं गेलं. ते अंड्यांत सापडलं. युरोपभर लाखो अंडी बाजारातून परत घ्यावी लागली आणि अनेक फार्म बंद ठेवावे लागले. हेच फिप्रोनिल आपल्याकडे पिकांसाठी विकलं जातं.

घरात कुठे जुनी बीएचसी म्हणजे गॅमेक्झिन पावडर पडून असेल तर तिला हात लावू नये. तिच्यावर १९९७ पासून बंदी आहे. गुरांचं आयव्हरमेक्टिन इंजेक्शनही अंदाजाने कोंबडीला टोचू नये. कोणतंही औषध वापरल्यावर अंडी आणि मांस किती दिवस खायचं नाही आणि विकायचं नाही, हे डॉक्टरांना विचारून कॅलेंडरवर लिहून ठेवावं.

उरलेलं औषधाचं पाणी ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नये. परमेथ्रिन मासे आणि मधमाश्यांना मारतं. घरात मांजर असेल तर औषध वाळेपर्यंत तिला लांब ठेवावं, परमेथ्रिन मांजराला विषारी आहे.

गाव सोडून जाणाऱ्यांसाठी

दिवाळीनंतर सातपुड्यातली अनेक कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत आणि दुसऱ्या जिल्ह्यांत जातात. कोंबड्या विकतात किंवा नातेवाइकांकडे ठेवतात, खुराडं रिकामं राहतं. परत आल्यावर वाटतं, इतके महिने कोंबडीच नव्हती, कीड मेली असेल. उवा मेलेल्या असतात. गोचीड मात्र वर्षभरसुद्धा उपाशी जगू शकते आणि लाल माइटही कित्येक महिने तग धरतो. नव्याने आणलेल्या पिल्लांवर पहिल्याच रात्री ही भुकेली कीड तुटून पडते. म्हणून जाण्याआधी पेंढा जाळून फटी बुजवाव्यात आणि आल्यावर कोंबड्या आणण्याआधी खुराड्यात औषध मारावं.

बाजारातून आणलेली कोंबडी दोन आठवडे वेगळ्या डालग्यात ठेवावी, तपासावी, मगच बाकीच्यांत सोडावी. उधार आणलेली टोपली उकळत्या पाण्याने धुऊनच वापरावी.

डॉक्टरांना कधी बोलवायचं?

कोंबड्या सुस्त होऊन हिरवी हगवण लागली, पाय लुळे पडले, तर तो गोचिडीचा ताप असेल किंवा राणीखेत असेल. नुसत्या डोळ्यांनी फरक कळत नाही आणि उपाय वेगळे आहेत. गोचिडीच्या तापाला वेळेत प्रतिजैविक दिलं तर कोंबडी वाचते. राणीखेतवर औषध नाही, त्यासाठी आधी लस द्यावी लागते. एकाच वेळी बऱ्याच कोंबड्या मेल्या तर मेलेल्या कोंबड्या खाऊ नयेत, विकू नयेत, ओढ्यात टाकू नयेत. २००६ मध्ये नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू आढळला होता, हे जिल्ह्यातला माणूस विसरलेला नाही. लगेच जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावं किंवा १९६२ या टोल फ्री क्रमांकावर फोन करावा.

थोडक्यात

- दिवसा कोंबडी तपासा, रात्री खुराडं तपासा.
- सगळ्या कोंबड्या आणि खुराडं, उपचार एकाच दिवशी.
- उवांसाठी दहा दिवसांनी, खुराड्यात पाच-सात दिवसांनी पुन्हा औषध.
- पिकाचं औषध कोंबडीवर कधीच नाही.
- राखेचं घमेलं पावसाळाभर भरलेलं.
- कोंबडी अंड्यांवर बसवायची तर टोपली उकळलेली, पेंढा नवा. आणि औषध कोंबडीला आधीच लावून घ्यावं, अंड्यांवर पडू देऊ नये.