मुखचित्राचे भिंग : प्रकाशाचा जमाखर्च

परमुलखात नोकरी करणाऱ्या माणसाच्या बिऱ्हाडात सामान बेताचेच असते. तीन-चार वर्षांनी बदलीचा हुकूम येणारच, तेव्हा सहज उचलता येईल तेवढेच जमवावे, हा धडा पहिल्या दोन बदल्यांतच मिळून जातो. तरीही एक वस्तू कधी मागे राहत नाही. आई-वडिलांची, आजी-आजोबांची छायाचित्रे चादरीत गुंडाळून ट्रंकेत सर्वांत वर ठेवली जातात, आणि नव्या क्वार्टरमध्ये पहिला खिळा त्यांच्यासाठीच ठोकला जातो.

गेल्या गणेशोत्सवात आमच्या मंडळातील एका तरुण सहकाऱ्याने आम्हांस विचारले, "काका, यंदा रजेवर गेलो की आजीचा एक चांगला फोटो काढायचा आहे. ती उन्हात बसत नाही, आणि फ्लॅश उडाला की डोळे मिटते. लेन्स कोणती घेऊ? पन्नासची की पंच्याऐंशीची? आणि एफ/१.८ पुरेल, की पदरमोड करून एफ/१.२ घ्यावी?"

प्रश्न दुकानाच्या पायरीवरचा वाटतो खरा. पण त्याच्या पोटात जवळजवळ दोनशे वर्षांचा इतिहास आहे. अपुऱ्या उजेडात माणसाचा चेहरा कसा टिपावा, या एका अडचणीपायी गणिती, कारागीर, चित्रकार आणि वृत्तपत्रकार यांनी आपली बुद्धी झिजवली. प्रत्येकाने थोडा अधिक प्रकाश मिळवला आणि प्रत्येकाने त्याचे मोल कोणत्या ना कोणत्या नाण्यात चुकते केले. हा जमाखर्च ध्यानी आला, की भिंगाची निवड पुष्कळ सोपी होते.

१८३९ च्या ऑगस्टात पॅरिसमध्ये दागेरच्या पद्धतीची कृती जाहीर झाली, तेव्हा जगाला घरे, पूल, पुतळे यांची अद्भुत चित्रे मिळाली. माणसे मात्र मिळाली नाहीत. दागेरच्या कॅमेऱ्याला शेव्हालिये या पॅरिसच्या कारागिराचे भिंग होते आणि त्याचे छिद्र सुमारे एफ/१५ इतके बारीक होते. भिंगाच्या नाभीय अंतराला छिद्राच्या व्यासाने भागले असता येणारा आकडा म्हणजे हा 'एफ'. तो जितका लहान, तितका प्रकाश अधिक, आणि आकडा निम्मा झाला की प्रकाश चौपट होतो. एफ/१५ च्या भिंगापुढे भर उन्हातही कित्येक मिनिटे निश्चल बसावे लागे. मानेमागे लोखंडी आधार लावून आणि डोळ्यांतून पाणी गाळीत काढलेल्या त्या चित्रांत जिवंतपणा कुठून यावा?

ही अडचण ज्याने सोडवली तो छायाचित्रकार नव्हता. योझेफ पेट्झवाल हा व्हिएन्ना विद्यापीठातील गणिताचा प्राध्यापक. १८०७ मध्ये त्या वेळच्या हंगेरीत, म्हणजे आजच्या स्लोव्हाकियात, एका शाळामास्तराच्या घरी त्याचा जन्म झाला. त्याचे सहकारी एटिंग्सहाउझेन पॅरिसहून दागेरची कृती पाहून आले आणि त्यांनी हा प्रश्न त्याच्यापुढे ठेवला. तोवर भिंगे घडत ती कारागिराच्या अनुभवाने. घासावे, पाहावे, पुन्हा घासावे, अशी ती रीत होती. पेट्झवालने प्रत्येक किरणाचा मार्ग आधी कागदावर मांडण्याचे ठरवले. ते आकडेमोडीचे काम एकट्याच्या आवाक्यातले नव्हते. तेव्हा तोफखान्याचे प्रमुख आर्चड्यूक लुडविग यांनी तोफेच्या गोळ्यांचे गणित करणारे आपले सैनिक त्याच्या मदतीस दिले. आजच्या सरकारी भाषेत ते 'प्रतिनियुक्तीवर' आले म्हणायचे! तोफखान्याचे मनुष्यबळ माणसाचा चेहरा नीट दिसावा म्हणून खर्ची पडल्याचे दुसरे उदाहरण आम्हांस आठवत नाही.

१८४० मध्ये भिंग सिद्ध झाले. चार काचांचे, सुमारे १५० मिलिमीटर नाभीय अंतराचे, एफ/३.६ छिद्राचे हे भिंग शेव्हालियेच्या भिंगापेक्षा पंधरापटींहून अधिक प्रकाश आत घेई. व्हिएन्नाच्या फॉइग्टलेंडर यांनी ते घडवले आणि १८४१ मध्ये पितळी कॅमेऱ्यास बसवून विक्रीस आणले. त्याच सुमारास पत्रे अधिक संवेदनशील करणारी रासायनिक युक्तीही सापडली होती. दोहोंच्या मिलाफाने मिनिटांचे काम सेकंदांवर आले, आणि मुखचित्र हा धंदा होऊ शकला.

परंतु खर्चाची बाजूही लगेच दिसली. या भिंगात चित्राचा मध्यभाग रेखीव येई आणि कडा विरघळल्यासारख्या दिसत. प्रतिमा सपाट पडण्याऐवजी वाटीसारखी वक्र पडे, हे त्याचे कारण. इमारतींच्या चित्रास तो दोषच. पण मुखचित्रात डोळे आणि ओठ तेवढे स्पष्ट राहून बाकीचे सौम्य झाले, तर कोण तक्रार करणार? भिंगाचे वैगुण्य चित्राचा गुण ठरले. पार्श्वभूमी विरघळवून चेहरा उठवण्याची जी आवड आज दुकानात पैसे मोजून घेतली जाते, तिचा उगम या वक्रतेत आहे.

खुद्द पेट्झवालचा जमाखर्च मात्र जुळला नाही. फॉइग्टलेंडर यांनी त्यास एकदाच २,००० गुल्डन दिले. भिंगे मात्र जगभर हजारोंनी खपली. दोघांत वितुष्ट आले, वाद कोर्टकज्ज्यापर्यंत गेला आणि फॉइग्टलेंडर यांनी आपला व्यवसाय ब्राउनश्वाइग येथे नेला. पुढे १८५९ मध्ये पेट्झवालच्या घरात चोर शिरले आणि प्रकाशशास्त्रावरील त्याची हस्तलिखिते नष्ट झाली. १८९१ मध्ये तो वारला, तोपर्यंत प्रकाशशास्त्राचा नाद त्याने केव्हाच सोडला होता. ज्याच्या गणितामुळे लक्षावधी घरांत पूर्वजांचे चेहरे टिकले, त्याची ही अखेर मनास चटका लावते.

भिंगे आपल्याकडेही पोहोचली. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिचे सभासद आणि स्वतः छायाचित्रकार होते. परंतु या भिंगाच्या सौम्यतेचे खरे मर्म जिला उमगले, ती स्त्री जन्मली कलकत्त्यात. ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन हिचा जन्म १८१५ चा. तिचे पती चार्ल्स हे कलकत्त्यात विधि आयोगाचे सभासद होते. म्हणजे तीही आपल्यासारखीच परमुलखातील अधिकाऱ्याच्या संसारातली. इंग्लंडला परतल्यावर, १८६३ च्या डिसेंबरात, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी लेक-जावयाने तिला कॅमेरा भेट दिला. त्यास पॅरिसच्या जामँ यांचे, पेट्झवालच्या घडणीचे भिंग होते. चेहरा काचेवर आणताना जिथे तो सुंदर दिसे तिथेच ती थांबे. आणखी स्क्रू फिरवून रेखीवपणा गाठण्याची तिला गरज वाटत नसे. मातब्बर छायाचित्रकारांनी यास अडाणीपणा म्हटले. आज मात्र व्हिक्टोरियन काळातील थोर चेहरे आपण आठवतो ते तिच्याच चित्रांतून.

यानंतरची मोठी झेप शतक उलटल्यावर जर्मनीत पडली. ड्रेस्डेनच्या एर्नेमान कारखान्यात लुडविग बेर्टेले नावाचा विशीतला तरुण होता. त्याने एर्नोस्टार हे एफ/२ चे भिंग आखले आणि १९२४ मध्ये ते एर्मानॉक्स या लहान कॅमेऱ्यावर बाजारात आले, पाठोपाठ एफ/१.८ चेही आले. आता खोलीतल्या साध्या दिव्यावर, मॅग्नेशियमचा भडका न उडवता, चित्र निघू लागले. हे हत्यार एरिख झालोमोन या बर्लिनच्या कायदेपंडिताच्या हाती पडले. १९२८ मध्ये त्याने गोल टोपीत कॅमेरा दडवून न्यायालयातील खटला टिपला, आणि मग आंतरराष्ट्रीय परिषदांच्या बंद दारांआड प्रवेश मिळवला. १९३० साली हेग येथे मध्यरात्र उलटून गेल्यावर खुर्च्यांत पेंगणाऱ्या मंत्र्यांचे त्याचे चित्र प्रसिद्ध आहे. रात्री उशिरापर्यंत लांबलेल्या बैठका ज्यांनी सोसल्या आहेत, त्यांस त्या चित्रातील थकवा परका वाटणार नाही. राज्यकर्तेही दमतात, जांभया देतात, हे जगाने कॅमेऱ्यातून पाहिले ते तेव्हा. मानेमागचा लोखंडी आधार गेला, आणि त्याबरोबर चेहरा 'लावून' बसण्याची सवडही गेली. झालोमोन ज्यू होता. हिटलर सत्तेवर येताच त्याने हॉलंड गाठले; पण तिथेही तो पकडला गेला आणि १९४४ मध्ये आउश्वित्झ येथे मारला गेला.

बेर्टेलेने पुढे झाइस आयकॉनसाठी झोनार ही भिंगे आखली. त्या काळी काच आणि हवा यांच्या प्रत्येक सीमेवर चार-पाच टक्के प्रकाश परतून वाया जाई आणि चित्रावर धूसर पडदा येई. म्हणून त्याने काचा एकमेकींस चिकटवून अशा सीमाच कमी केल्या. १९३५ मध्ये झाइसच्या स्माकुलाने काचेवर पातळ लेप देण्याची युक्ती काढली, तेव्हा ही गळतीही आटोक्यात आली. झोनारचा वंश जपानपर्यंत गेला. १९५० च्या जूनमध्ये टोकियोत जून मिकी या तरुण छायाचित्रकाराने 'लाइफ'च्या डेव्हिड डग्लस डंकन याचे चित्र ८.५ सेंटिमीटर, एफ/२ च्या निक्कोर भिंगाने टिपले. त्या चित्राचा रेखीवपणा पाहून डंकन चकित झाला आणि त्याने कारखानाच गाठला. त्याच महिन्यात कोरियाचे युद्ध पेटले. त्यातील त्याची चित्रे या भिंगांनी निघाली आणि जपानी काचेची कीर्ती अमेरिकेत पोहोचली. एका मुखचित्राने एका देशाच्या उद्योगाचे नाव झाले, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

छिद्र वाढवण्याची ही शर्यत कुठवर जाते, ते १९७५ च्या 'बॅरी लिंडन' या चित्रपटाने दाखवले. अमेरिकेच्या अंतराळसंस्थेसाठी झाइसने ५० मिलिमीटर, एफ/०.७ ची दहा भिंगे केली होती. त्यांतील तीन दिग्दर्शक कुब्रिकने मिळवली आणि केवळ मेणबत्त्यांच्या उजेडात प्रसंग चित्रित केले. पण इतक्या उघड्या भिंगात स्पष्टतेची खोली इतकी उथळ, की नटांना मोजूनमापून हालचाल करावी लागे. १८३९ मध्ये प्रकाश अपुरा म्हणून माणूस निश्चल बसला. १९७५ मध्ये प्रकाश पुरेसा मिळाला म्हणून तो पुन्हा निश्चल बसला!

आमच्या सहकाऱ्यास आम्ही जे सांगितले ते याच इतिहासाच्या आधारे. एफ/१.८ पेक्षा एफ/१.२ मध्ये प्रकाश सव्वादोन पट मिळतो, हे खरे. परंतु पंच्याऐंशीचे भिंग एफ/१.२ वर ठेवून दीड मीटरवरून चेहरा टिपला, तर स्पष्टतेची खोली दोन-सव्वादोन सेंटिमीटर भरते. डोळा रेखीव आला, तर नाकाचे टोक आणि कान दोन्ही पुसट होणार. आजच्या कॅमेऱ्यांची संवेदनशीलता इतकी वाढली आहे, की मुखचित्रासाठी तेवढा प्रकाश उसना आणण्याची गरज क्वचितच पडते. पंच्याऐंशीचे भिंग चांगले, कारण ते वापरताना आपण दोन पावले मागे सरतो आणि जवळून पाहिल्याने मोठे दिसणारे नाक आपल्या प्रमाणात येते. पण माजघरात मागे सरायला जागा कुठे असते? तिथे पन्नासचेच भिंग बरे. त्यात आजीबरोबर तिची कोनाड्यातली समईही मावेल.

हे शहाणपण आम्हांस फुकट मिळालेले नाही. काही वर्षांपूर्वी आम्ही हौसेने पंच्याऐंशीचे, एफ/१.४ चे भिंग घेतले आणि सुटीत घरी जाऊन तांदूळ निवडीत बसलेल्या आईची पंधरा-वीस चित्रे पूर्ण उघड्या छिद्रावर काढली. पार्श्वभूमी लोण्यासारखी विरघळली होती. आम्ही स्वतःवरच खूष होतो. आई गेल्यावर ती चित्रे पुन्हा पाहिली, तेव्हा एकातही तिचे हात दिसेनात. सूप, तांदूळ, हातांतल्या बांगड्या, मागची ती जुनी फडताळाची खिडकी, सारे आम्हीच पुसून टाकले होते. चुकून एफ/४ वर निघालेले एक चित्र तेवढे किंचित हललेले, पण पूर्ण आहे. आमच्या भिंतीवर आज तेच आहे.

म्हणून सहकाऱ्यास म्हटले, पन्नासचे एफ/१.८ घे आणि उरलेल्या पैशांत घरी चार दिवस जास्त राहा. आजीला खिडकीजवळ बसव. छिद्र एफ/२.८ किंवा एफ/४ वर ठेव आणि जवळच्या डोळ्यावर नेम धर. हात चित्रात येऊ देत.