अनुपमादेवींनी विचारलेला प्रश्न

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं आपल्याकडे म्हणतात. ही म्हण ज्याने केली त्याने जुनं घर दुरुस्त करून पाहिलेलं नसावं. नव्या घराला निदान नकाशा असतो. जुन्या घराच्या भिंतीत काय आहे आणि फरशीखाली काय आहे, हे पहार लागेपर्यंत केवलज्ञान्यांनाच ठाऊक!

माझं माहेर धुळ्याचं आणि सासर सुरतेच्या गोपीपुऱ्यातलं. घर लाकडी, सागवानी खांबांचं. १८३७ च्या मोठ्या आगीनंतर ते बांधलं, असं घरात सांगतात. २००६ च्या ऑगस्टमध्ये उकाई धरणातून पाणी सोडलं आणि तापीने सुरत बुडवली, तेव्हा तळमजल्यात पाणी शिरलं. ते ओसरलं, पण ओल गेली नाही. पुढे मागच्या खोलीचं छप्पर गळू लागलं, एक तुळई कुजली, आणि शेवटी आम्ही काम काढलं.

तिघांकडून अंदाज घेतले. एकाने साडेसहा लाख सांगितले, दुसऱ्याने पाच, तिसऱ्याने पावणेचार. आम्ही व्यापारी माणसं. तिसऱ्याला काम दिलं आणि त्याने मागितली तशी निम्मी रक्कम आगाऊ दिली. तोंडी बोलणं झालं, कागद काही केला नाही. बोलता बोलता तो म्हणाला, "जुना माल आमचा." मी मान डोलावली. जुना माल म्हणजे कुजलेली लाकडं आणि फुटकी कौलं, असं माझ्या मनात.

काम सात लाखांवर गेलं. त्याहून मनाला लागलं ते वेगळंच. तुळईखाली दोन कोरलेले मोर होते. बा, म्हणजे माझ्या सासूबाई, लग्न होऊन घरात आल्या तेव्हापासून दर दिवाळीला ते स्वतःच्या हाताने तेलाने पुसायच्या. एका दुपारी त्या देरासरातून परतल्या तर मोर जागेवर नव्हते. टेम्पो जाऊन दोन तास झाले होते. कंत्राटदार म्हणाला, "बेन, तुम्हीच हो म्हणाला होता." मी हो म्हणालेच होते. बा मला एक शब्दही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यानंतर मला एक नादच लागला. पूर्वीच्या लोकांनी घराची कामं कशी करून घेतली असतील, त्यांनाही असंच फसायला झालं असेल का, हे शोधायचं. बी. ए. ला इतिहास होता, तो तीस वर्षांनी कामी आला.

पहिला दिलासा अबुल फजलने दिला. अकबराने सुरत घेतली १५७३ साली. त्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या 'आईन-ए-अकबरी'त बांधकामाच्या मालाचे भाव आणि कारागिरांची मजुरी यांवर वेगळी प्रकरणं आहेत. तिथे तो म्हणतो की घर बांधायची इच्छा पुष्कळांना असते, पण प्रामाणिकपणा कमी आढळतो, विशेषतः माल विकणाऱ्यांत. म्हणून बादशहाने नफा-तोट्याची चौकशी करून दोन्ही बाजूंचं समाधान होईल असे भाव ठरवून दिले. चारशे वर्षांपूर्वीचं हे वाक्य वाचून मला हसूच आलं. म्हणजे आम्ही एकटेच नव्हतो!

मजुरीची यादी तर फारच नेमकी आहे. पहिल्या प्रतीच्या सुताराला रोज ७ दाम, दुसऱ्या प्रतीच्या सुताराला ६, मग ४, ३ आणि अगदी शिकाऊ असेल त्याला २. चुन्याचं काम करणाऱ्या चांगल्या कारागिरालाही ७. दगड घडवणाऱ्याला रोज नाही, तर गजावर दर. चाळीस दामांचा एक रुपया. म्हणजे 'सुतार' असा एक भाव नाही, सुताराच्या पाच प्रती आहेत. आमच्या पावणेचार लाखांत कोणत्या प्रतीचा सुतार येणार होता, हे मी विचारलंच नव्हतं.

दुसरा माणूस भेटला तो थेट सुरतेत. थेवेनो हा फ्रेंच प्रवासी १६६६ साली इथे आला. त्याच्या आधी दोनच वर्षं, जानेवारी १६६४ मध्ये, शिवाजी महाराजांची स्वारी होऊन गेली होती. धुळ्याच्या शाळेत ती आम्ही छाती फुगवून शिकलो. सुरतेत आले तेव्हा कळलं की त्या स्वारीत आपल्याच समाजाचे मोठे व्यापारी वीरजी व्होरा यांची हवेली लुटली गेली. माहेरचा विजय आणि सासरचं नुकसान एकाच पानावर! त्या स्वारीनंतर शहराच्या मातीच्या तटाऐवजी विटांचा तट उभा राहू लागला.

थेवेनोने सुरतेत घर बांधायला काय खर्च येतो, हे गृहिणीला शोभेल अशा बारकाईने लिहून ठेवलंय. इथे दगड मिळत नाही, म्हणून विटा आणि चुना वापरावा लागतो, आणि दोन्ही महाग. लाकूड दमणहून समुद्रमार्गे येतं, कारण खुष्कीच्या वाटेने लांबून आणलेलं त्याहून महाग पडतं. साध्या घरालासुद्धा विटांचेच पाच-सहाशे लिव्हर लागतात, आणि चुन्याचे त्याच्या दुप्पट. कौलं नीट भाजलेली नसतात, टिकत नाहीत, म्हणून गवंडी ती दुहेरी बसवतात. गरिबांची घरं मात्र बांबूची, वर ताडाच्या झावळ्या.

त्या काळचा रुपया साधारण दीड लिव्हरचा. म्हणजे नुसत्या विटा-चुन्याचे हजार-बाराशे रुपये झाले. मी वहीवर हिशेब मांडला. अबुल फजलच्या यादीतल्या सर्वांत चांगल्या सुताराने एकही दिवस सुट्टी न घेता काम केलं आणि खाण्यापिण्यावर एक दामही खर्च केला नाही, तर हजार रुपये जमायला साडेपंधरा वर्षं लागतील. दोन्ही आकड्यांत सत्तरेक वर्षांचं अंतर आहे, तेव्हा हिशेब जाडाभरडा आहे. पण त्यातून दिसायचं ते दिसतं. जो घर उभं करायचा, त्याला तसं घर कधीच परवडायचं नाही. तो झावळ्यांखाली राहायचा.

थेवेनोची आणखी एक गोष्ट वाचून मी थबकले. तो म्हणतो, या देशात बांधकाम पावसाळ्यात केलेलं बरं. उन्हात चुना पक्का होण्याआधीच सुकतो आणि तडकतो, पावसात त्याला सावकाश सुकायला वेळ मिळतो. पाऊस आला की मेणकापड पसरलं की झालं. आपल्याकडे तर चातुर्मासात खोदकाम काढत नाहीत, कारण त्या दिवसांत मातीत जीव फार. मी बांना विचारलं, गवंड्याचं खरं की आपलं? त्या म्हणाल्या, "गवंडी भिंतीचं बघतो, आपण जिवाचं. दोघांनाही घाई नको, एवढं तर सारखंच आहे ना?" जयणा म्हणजे काय, हे मला व्याख्यानापेक्षा त्या वाक्यात जास्त कळलं.

आता आपल्या पुण्याकडे वळू. शनिवारवाड्याचं काम १० जानेवारी १७३० ला सुरू झालं आणि २२ जानेवारी १७३२ ला वास्तुशांत झाली. खर्च १६,११० रुपये. साग जुन्नरच्या जंगलातून, दगड चिंचवडचा, चुना जेजुरीचा. इतिहासाची आवड असणाऱ्या कुणालाही हा आकडा तोंडपाठ असतो. पण ती दोन वर्षं तिथले मजूर कुठे राहत होते, दुपारी काय खात होते, त्यांची पोरं कुठे निजत होती, हे काही आपल्यापर्यंत पोचलेलं नाही. आपण आकडा लक्षात ठेवतो, माणसं नाही.

हे एके ठिकाणी मात्र सापडलं, आणि ते आपल्याच घरात होतं. अबूला जाऊन आलेल्या बहिणींना लुणवसही आठवत असेल. तेजपालांनी बांधलेलं नेमिनाथांचं हे देरासर १२३० साली पूर्ण झालं. स्थपती शोभनदेव. पत्नी अनुपमादेवी आणि मुलगा यांच्या पुण्यासाठी ते बांधलं, असं तिथला शिलालेखच सांगतो. देराणी-जेठाणीचे गोखले बघायला आपण सगळ्या गर्दी करतो. कारागिरांना संगमरवराच्या भुकटीच्या वजनाइतकं सोनं की चांदी दिली, ही कथाही सगळ्यांना पाठ असते. पण जुन्या चरित्रांमधून आलेली दुसरी एक कथा फार कमी जणींना ठाऊक आहे.

काम रेंगाळत होतं. पैसा पाण्यासारखा जात होता, तरी पुढे सरकत नव्हतं. तेजपाल अस्वस्थ. तेव्हा अनुपमादेवींनी शोभनदेवाला बोलावून विचारलं, काम हळू का होतंय? तो म्हणाला, आई, हा डोंगर आहे. सकाळी थंडीने कारागिरांची बोटं आखडतात, छिन्नी धरवत नाही. दुपारी घरी जायचं, आंघोळ करायची, स्वतः रांधायचं आणि जेवायचं, त्यात दिवस सरतो. अनुपमादेवींनी व्यवस्था लावली. दिवसाचे कारागीर वेगळे, रात्रीचे वेगळे. ऊब मिळावी म्हणून शेगड्या. आणि सगळ्यांसाठी तयार जेवण. काम धावू लागलं.

सोन्याची कथा सगळ्यांच्या तोंडी आणि चुलीची कथा विस्मरणात, असं का झालं असेल? सोनं देणं हा मोठेपणा वाटतो, जेवण देणं हे बायकांचं रोजचंच काम वाटतं, म्हणून? पण देरासर पुरं झालं ते त्या चुलीमुळे. अनुपमादेवींनी 'अजून किती लागतील' असं विचारलं नाही, 'काम हळू का होतंय' असं विचारलं. घर चालवणाऱ्या बाईलाच हा प्रश्न सुचतो, असं मला वाटतं.

आणि नेमका तोच प्रश्न मी विचारला नव्हता. आता मोराच्या गोष्टीतला राहिलेला भाग सांगते.

आमच्याकडे दाहोदकडच्या तीन मजूरबाया होत्या. दुपारी त्या तासभर दिसायच्याच नाहीत. मी खिडकीतून घड्याळ लावून बघायची. दोन-तीनदा कंत्राटदाराकडे तक्रार केली, तर त्याने त्यांचा अर्धा रोज कापला. मला त्यात काही वावगं वाटलं नाही, उलट आपण लक्ष ठेवतोय याचा अभिमानच वाटला. शेवटच्या दिवशी त्यांतल्या एकीने, कडेवर पोर घेऊन, अगदी साधेपणाने मला सांगितलं, "बेन, आम्ही संडासला जायचो. सार्वजनिक लांब आहे. रांग असते." आमच्या तळमजल्यावर एक संडास होता. तो बंद ठेवायला मीच सांगितलं होतं.

मुंगी पायाखाली येऊ नये म्हणून खाली बघून चालणारी मी! पाणी गाळून पिणारी मी! आणि तीन बायका दीड महिना माझ्या दारातून रांगेत उभ्या राहायला जात होत्या.

१९९६ साली बांधकाम मजुरांसाठी कायदा झाला. त्यात पिण्याचं पाणी, शौचालय, प्रथमोपचार हे सगळं होतं. पण तो दहा किंवा जास्त मजूर असलेल्या कामांसाठी होता, आणि दहा लाखांपर्यंत खर्चाचं स्वतःचं राहतं घर बांधणाऱ्याला त्यातून वगळलेलं होतं. म्हणजे आमच्यासारख्यांच्या घरात कायद्याचं लक्ष पोचतच नव्हतं. तिथे लक्ष घालायचं ते घरातल्या बाईनेच.

दोन वर्षांनी पुढच्या खोलीचं काम निघालं. या वेळी गल्लीतल्या ओळखीतून एक म्हातारे मिस्त्री आले. उधड, म्हणजे आपण ज्याला उक्तं काम म्हणतो, तसा आकडा सांगायला ते तयारच होईनात. "छप्पर उघडल्याशिवाय बोलणार नाही," म्हणाले. आधी दोन दिवसांची मजुरी देऊन फक्त छप्पर उघडून घेतलं. मग त्यांनी अंदाज दिला, चार लाखांचा. आम्ही चौथा हिस्सा वेगळा काढून ठेवला, कारण जुनं घर काहीतरी काढतंच. सगळं कागदावर लिहिलं. माल कोणत्या प्रतीचा, सुतार कोण येणार, किती काम झालं की किती पैसे, आणि सर्वांत वर ठळक अक्षरांत, 'जुनं लाकूड घरमालकाचं'. प्रत्येक रकमेची पावती घेतली. १९९३ पासून घरबांधणी ही ग्राहक कायद्यात सेवा धरली जाते, पण कागदच नसेल तर दाद तरी कशाच्या जोरावर मागणार? मी पहिल्या वेळी मागूच शकले नाही, ती यामुळेच.

तळमजल्याचा संडास उघडा ठेवला. माठ भरून ठेवला. दुपारचं जेवण आमच्या स्वयंपाकघरातून जायचं, डाळ-भात-भाजी, रोज बारा पानं. शेजारच्या म्हणाल्या, "एवढं कशाला? डोक्यावर बसतील." कुणी बसलं नाही. काम सांगितलेल्या मुदतीच्या चार दिवस आधी झालं. खर्च चार लाख चाळीस हजार.

मी जेवणाचा खर्च वेगळा लिहीत होते, 'धर्मादाय' म्हणून. बांनी चष्मा लावून वही बघितली आणि तो शब्द खोडायला लावला. म्हणाल्या, "हा धर्मादाय कसला? विटा-चुन्याबरोबर लिही. यानेच भिंत उभी राहिली."

आता वहीत विटा, चुना, लाकूड, मजुरी आणि त्याखाली जेवण, अशी ओळ आहे. माझी सून कधीतरी घराचं काम काढेल, तेव्हा ती वही तिला सापडावी, एवढीच इच्छा आहे.