‘फऱ्या’ : नाव, जंतू आणि विकर

रोगांची लोकभाषेतील नावे बहुधा लक्षणांवरून पडतात. कारणाचा शोध पुष्कळ पुढे लागतो. ‘फऱ्या’ हा गुरांचा रोग याचे बोलके उदाहरण होय. फरा म्हणजे जनावराच्या मांडीचा वा खांद्याचा मांसल भाग. तो सुजतो, दाबला असता चरचर वाजतो आणि जनावर लंगडू लागते. म्हणून या रोगास ‘एकटांग्या’ असेही म्हणतात. रोग कोठे दिसतो एवढेच ही नावे सांगतात. तो तेथे कसा पसरतो, हे कळण्यास विसावे शतक उजाडावे लागले.

भंडारा जिल्ह्यातील सानगडीसारख्या गावी या प्रश्नाचे महत्त्व सहज ध्यानात येते. साकोली तालुक्याच्या या धानाच्या व तलावांच्या मुलखात नांगरणी आणि चिखलणी पिढ्यान्‌पिढ्या जनावरांच्या बळावर होत आली. फऱ्या उद्भवतो तोही मुख्यत्वे पावसाळ्यात, आणि त्यास बळी पडतात ती बहुधा सहा महिने ते दोन वर्षे वयाची धष्टपुष्ट गुरे. पुढे औताला लागावयाचा गोऱ्हा एक-दोन दिवसांत दगावतो.

प्रारंभी हा रोग काळपुळीचाच प्रकार समजला जाई. बोलिंगर (१८७५) व फेझर (१८७६) यांनी तो निराळा असल्याचे दाखविले. पुढे आर्लोआं, कॉर्नव्हँ व तोमा या फ्रेंच संशोधकांनी १८८० नंतरच्या दशकात त्याच्या जंतूचा अभ्यास केला आणि रोगट स्नायू वाळवून, तापवून केलेल्या चूर्णापासून लस सिद्ध केली. शोव्हो या शास्त्रज्ञाच्या गौरवार्थ जंतूस ‘क्लॉस्ट्रिडियम शोव्हीआय’ हे नाव मिळाले. याच काळात, १८८९ मध्ये, पुणे येथे इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी स्थापन झाली व हिंदुस्थानातील पशुरोगांच्या जंतुशास्त्रीय संशोधनास संस्थेचा आधार लाभला. १८९३ मध्ये ती मुक्तेश्वरास हलविण्यात आली.

जंतू सापडला, लसही झाली. तरी प्रसाराचे कोडे उरलेच. स्नायूंचे तंतू संयोजी ऊतकाने एकत्र बांधलेले असतात व त्या ऊतकात हायलुरॉनिक आम्लाचा दाट, चिकट द्रव भरलेला असतो. हा बांध जंतू कसा ओलांडतो? १९२८ मध्ये दुरान-रेनाल्स यांस वृषणाच्या अर्कामुळे त्वचेतील संसर्ग झपाट्याने पसरत असल्याचे आढळले. त्यातील अज्ञात द्रव्यास पुढे ‘प्रसारक घटक’ म्हणू लागले. मायर व पामर यांनी १९३४ मध्ये हायलुरॉनिक आम्ल वेगळे केले. हे आम्ल तोडणारे विकर, म्हणजे हायलुरॉनिडेज, हाच मुख्य प्रसारक घटक होय, असे चेन व डूथी यांच्या १९४० च्या सुमारास झालेल्या कार्यातून स्पष्ट झाले.

फऱ्याचा जंतू हेच विकर निर्माण करतो. त्याचे बीजाणू मातीतून व चाऱ्यातून शरीरात शिरतात आणि स्नायूंत सुप्त राहतात. मुका मार बसून तेथील प्राणवायू घटला की ते अंकुरतात. मग विकर ऊतकाचा चिकट द्रव पातळ करते, जंतूंना व त्यांच्या विषांना वाट मोकळी होते, आणि जंतूंनी निर्माण केलेला वायू सुजेत साठतो. चरचर वाजते ती त्यामुळे.

परंतु सर्व दोष या एका विकराच्या माथी मारणे युक्त नव्हे. ते वाट मोकळी करते. पेशींचा नाश प्रामुख्याने विषांमुळे होतो. त्यांपैकी ‘सीसीटीए’ या प्रथिनाचे महत्त्व २०१२ मध्ये सिद्ध झाले. त्या प्रथिनाविरुद्धच्या प्रतिकारशक्तीने रोगापासून संरक्षण मिळते, असे प्राण्यांवरील प्रयोगांत आढळले.

या इतिहासात उपाय आधी हाती आला व त्याचा उलगडा मागाहून झाला. तो उलगडा व्यवहारात निरुपयोगी नाही. फरा वाजू लागतो तेव्हा बांध फुटलेला असतो व स्नायू मृत झालेला असतो. पेनिसिलिनचा उपयोग व्हावयाचा तर तो अगदी आरंभीच. म्हणूनच लस टोचावयाची ती पावसाळ्यापूर्वी. लोकांनी दिलेल्या नावात रोगाचे जे लक्षण टिपले आहे, ते दिसेपर्यंत थांबणे म्हणजे उशीर करणे होय.