खाणीच्या टाकाऊ मातीतला लाल

स्वीडनच्या खेड्यांत लाकडी घरांच्या भिंती गडद, मंद लाल असतात आणि खिडक्यांच्या चौकटी पांढऱ्या. या लालाचं नाव ‘फालुरोड’. ‘रोड’ म्हणजे लाल, आणि ‘फालु’ आलं ते फालुन या गावावरून.

फालुनची तांब्याची खाण फार जुनी. तिच्यातल्या हिश्शाचा उल्लेख 1288च्या दस्तऐवजात सापडतो. सतराव्या शतकात युरोपातल्या तांब्याचा मोठा वाटा इथून जाई. तांबं कमी निघेल असा खनिजाचा दगड बाहेर फेकला जाई. वर्षानुवर्षं हवापाणी खाऊन त्यातलं लोह गंजे आणि त्याची पिवळसर माती होई. ती धुऊन, वाळवून भट्टीत भाजली की लाल होते. आच जितकी जास्त तितका रंग गडद. आपल्याकडे कुंड्यांना आणि वृंदावनांना लावतात त्या गेरूचंच हे कूळ, लोहाच्या ऑक्साइडचं.

सोळाव्या शतकापासून या रंगाचे दाखले मिळतात. तेव्हा तो थोरामोठ्यांचा होता. विटांचं बांधकाम म्हणजे श्रीमंती. ज्यांची घरं लाकडाची, ते भिंती लाल रंगवून विटांचा भास आणत. एकोणिसाव्या शतकात शहरांना पिवळे, पांढरे रंग आवडू लागले आणि लाल रंग शेतकऱ्यांच्या, कुळांच्या घरांवर पोहोचला. फालुनजवळच्या सुंडबोर्नमध्ये राहणाऱ्या कार्ल लार्सन या चित्रकाराने आपल्या लाल घराची जलरंगांतली चित्रं 1899 साली पुस्तकरूपाने छापली. स्वीडिश माणसाच्या मनातलं सुखी घर त्यानंतर बरंचसं त्या चित्रांसारखं दिसू लागलं.

रंग चक्क शिजवावा लागतो. उकळत्या पाण्यात हिराकस विरघळवायचा, राय किंवा गव्हाच्या पिठाची खळ करायची, मग लाल भुकटी आणि शेवटी जवसाचं तेल. हा लेप लाकडाला घट्ट बंद करत नाही. आतला ओलावा बाहेर पडतो आणि लाकूड टिकतं. जुना थर पापुद्रे न धरता हळूहळू भुकटी होऊन झडतो; पुन्हा रंगवताना ब्रशने झाडलं की पुरे.

फालुनमध्ये 1764पासून हा रंग कारखान्यात तयार होतो आहे. खाण 1992 साली बंद झाली आणि 2001मध्ये तिचा परिसर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. रंगाचं उत्पादन मात्र थांबलेलं नाही. शतकानुशतकं साचलेल्या टाकाऊ दगडमातीच्या ढिगांतून आजही त्याचा कच्चा माल निघतो.