फर्नेसचा फिल्टर निवडताना

अमेरिका आणि कॅनडातील अनेक घरे फर्नेसने तापवली जातात. तेथे नव्याने स्थायिक होणाऱ्या मराठी कुटुंबांना हे यंत्र अपरिचित असते आणि त्यातील हवेच्या फिल्टरकडे सहज दुर्लक्ष होते.

फिल्टरची क्षमता 'मर्व्ह' या १ ते १६ अंकांच्या श्रेणीत मोजतात. मर्व्ह ८ धूळ व परागकण अडवतो; वणव्याच्या धुरातील सूक्ष्म कणांसाठी मर्व्ह १३ सुचवला जातो. मात्र मोठा अंक प्रत्येक फर्नेसला मानवतोच असे नाही. दाट फिल्टरमुळे हवेचा प्रवाह मंदावला, तर आत उष्णता साचते, सुरक्षा स्विच बर्नर बंद करतो आणि ऐन थंडीत घर गारठते. धुळीने तुंबलेला साधा फिल्टरही हाच प्रसंग आणतो. म्हणून उत्पादकाच्या माहितीपुस्तिकेतील मर्यादा पाहूनच अंक ठरवावा.

फिल्टर बदलण्यापूर्वी फर्नेस बंद करावी. जुन्या चौकटीवर छापलेल्या मापाचाच नवा फिल्टर आणावा आणि त्यावरील बाण फर्नेसच्या दिशेने ठेवावा. एक इंच जाडीचा फिल्टर हिवाळ्यात दरमहा तपासावा व तीन महिन्यांच्या आत बदलावा. घरात पाळीव प्राणी असल्यास तो त्याहून लवकर बदलणे श्रेयस्कर.