कुलाब्याचें हरवलेलें स्टेशन

पडलेल्या किल्ल्याचा माग काढणें फारसें कठीण नसतें. तट ढांसळला तरी बुरूज उरतो, बुरूज गेला तरी खंदक उरतो. रेल्वेच्या स्टेशनाची गोष्ट निराळी. रूळ उचलले, इमारत पाडली, कीं जमीन सपाट होते आणि तिच्यावर दुसरी वस्ती उभी राहते. मुंबई शहराच्या दक्षिण टोंकास असें एक स्टेशन होतें. लोक ज्या कंपनीस 'बी. बी. सी. आय.' म्हणत, त्या कंपनीचें तें कुलाबा स्टेशन. 31 डिसेंबर 1930 च्या मध्यरात्रीं तें कायमचें बंद झालें. तें कां आलें, कां गेलें आणि मागें काय ठेवून गेलें, एवढेंच आज पाहावयाचें आहे.

या कंपनीचा मार्ग गुजराथेंतून दक्षिणेकडे सरकत 1864 च्या नोव्हेंबरांत ग्रँट रोडपर्यंत पोंचला. 12 एप्रिल 1867 रोजीं विरारहून बॅकबे स्टेशनापर्यंत गाडी सुरू झाली. तें बॅकबे स्टेशनही आज नाहीं. 1870 सालीं रूळ चर्चगेटास आले आणि पुढें थोड्याच वर्षांत कुलाब्यास भिडले. एवढ्या टोंकाला रेल्वे नेण्याचें एक मोठें कारण म्हणजे कापूस. कोटाजवळच्या टाऊन हॉलपुढील मैदानावरचा कापसाचा बाजार 1844 सालीं कुलाब्यास हलविण्यांत आला होता. गुजराथचा माल थेट त्या बाजारापर्यंत यावा, ही सोय व्यापाऱ्यांस आणि कंपनीस दोघांसही हवी होती. मालाच्या मागून उतारूही आले. 1896 सालीं तेथें नवें स्टेशन उभें राहिलें. 5 जानेवारी 1928 रोजीं कुलाबा ते बोरिवली विजेच्या गाड्या धांवूं लागल्या, आणि त्याच वर्षीं पेशावरकडे जाणारी फ्रंटियर मेलही सुरू झाली.

मग विजेचा मार्ग होऊन तीन वर्षें पुरीं झालीं नाहींत तोंच तो मोडावा, असें काय घडलें? याचें उत्तर समुद्रांत आहे. बॅकबेचा उपसागर भरून जमीन काढण्याचा पहिला प्रयत्न 1865 च्या शेअरबाजाराच्या पडझडींत बुडाला होता. पुढें सर जॉर्ज लॉइड गव्हर्नर असतां सरकारनें तें काम पुन्हां हातीं घेतलें. त्यांतील उधळपट्टीवर वीर नरिमन यांनीं कडाडून टीका केली, हें प्रसिद्धच आहे. भराव जसजसा पुढें सरकला, तसतशी किनाऱ्यावरची रेल्वे शहराच्या आंत अडकत चालली. नवी जमीन आणि जुना कोट यांच्यामध्यें ती भिंतीसारखी आडवी आली. अखेर चर्चगेटच्या दक्षिणेची जमीन कंपनीस सोडावी लागली. लांबच्या गाड्यांसाठीं मुंबई सेंट्रल हें नवें स्टेशन 18 डिसेंबर 1930 रोजीं उघडलें. उपनगरी गाड्या चर्चगेटासच थांबूं लागल्या.

आतां खुणा पाहूं. पहिली खूण जागेची. स्टेशनाच्या आवारावर आज बधवार पार्क ही रेल्वे अधिकाऱ्यांची वसाहत आहे. रूळ गेले, पण जमिनीनें रेल्वेशीं असलेलें नातें सोडलें नाहीं. दुसरी खूण चर्चगेटची. तेथें रूळ एकाएकीं संपतात, परंतु त्यांचें तोंड दक्षिणेकडेच आहे. शेवटचें स्टेशन होण्यासाठीं चर्चगेट जन्मलें नव्हतें. तें वाटेवरचें स्टेशन होतें, वाट तुटल्यामुळें तें शेवटचें ठरलें. तिसरी खूण ओव्हल मैदानाच्या पश्चिमेस. तेथें पूर्वीं रेल्वे आणि समुद्र होता. आज 1930 नंतरच्या इमारतींची रांग आहे. 2018 सालीं युनेस्कोनें जागतिक वारसा म्हणून गौरविलेल्या समूहांत ती मोडते. चौथी खूण केवळ नांवाची. कापसाचा बाजार शिवडीकडे गेला आणि जातांना आपलें नांवही घेऊन गेला. हार्बर मार्गावरचें 'कॉटन ग्रीन' स्टेशन तें नांव आजही सांभाळून आहे.

इमारतीसाठीं हळहळणें सोपें आहे. खरा प्रश्न वाटेचा आहे. इमारत पुन्हां बांधतां येते. दाट शहरांतून जाणारी मोकळी पट्टी एकदां दिली कीं परत मिळत नाहीं. ऑक्टोबर 2025 मध्यें भुयारी मेट्रोचा 33.5 किलोमीटरांचा मार्ग कफ परेडपर्यंत पुरा झाला आणि या भागास पंचाण्णव वर्षांनीं पुन्हां रेल्वे मिळाली. त्या मार्गाच्या नांवांत कुलाबा आहे, शेवटच्या स्टेशनाच्या नांवांत मात्र नाहीं. जी वाट एका पिढीनें जमिनीवरून पुसली, ती दुसऱ्या पिढीस जमिनीखालून खणून आणावी लागली. शहराची आंखणी करणाऱ्यांनीं जमिनीच्या भावाबरोबर हा हिशेबही मांडला पाहिजे, एवढा बोध त्या हरवलेल्या स्टेशनापासून घेण्यास हरकत नाहीं.